बिनओरखड्याचा पत्रा

नानांनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरांच्या वर सारल्या होत्या आणि खिडकीच्या उजेडात ते स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होते. उसनी आणलेली वस्तू परत करण्याआधी माणूस जशी निरखून बघतो, तसे.

"सूनबाई, जरा इकडे ये गं. कोपराला मागून काही खरचटलंय का बघ."

ती आली ती ढमीला कडेवर घेऊनच. ढमीचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण इतक्या गुबगुबीत बाळाला त्या नावाने हाक मारायला घरात कुणाचीच जीभ वळत नव्हती.

"काही नाही, नाना. साधा ओरखडासुद्धा नाही."

"गुडघे मी बघितले. तिथंही नाही." नानांनी बाह्या खाली केल्या. "मग मी पडलो कुठे?"

मागच्या बोळकांडीत, भिंतीला टेकून, नानांची सायकल उभी होती. तिच्या मागच्या चाकाच्या मध्याशी गिअर बदलणारा डिरेलर लोंबतो, आणि त्याला असते एक केज. म्हणजे दोन अरुंद पत्रे, मध्ये दोन छोटी दातेरी चाकं आणि त्यांतून इंग्रजी एससारखी वळत जाणारी चेन. नाना त्या सगळ्या प्रकरणाला शेपूट म्हणत. तर सकाळी नाना सायकल काढायला गेले आणि बघतात तो शेपूट वाकडं. बाहेरचा पत्रा असा पिळवटलेला, की खालचं चाक तिरपं होऊन चेन त्यावर बसेचना.

"पडलोच असणार मी," नाना म्हणाले. "काल येताना. आणि विसरलो."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. नाना चिडले असते, पंपाच्या कारखान्यात फिटर असताना शिकलेल्या दोन शिव्या हासडल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

विसरण्याला सुरुवात होऊन बरेच दिवस झाले होते. आधी चष्मा, मग किल्ली, मग शेजाऱ्याचं नाव. तोवर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी कालव्याच्या पुलाजवळच्या दुकानदाराचा फोन आला. "तुमचे आजोबा इथं बसलेत. मी कुठल्या बाजूने आलो, असं विचारतायत." तिचा नवरा आपलं चष्म्याचं दुकान सोडून धावला. परत तसंच झालं, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं नवऱ्याकडे बघून सांगितलं, जणू नाना खोलीत नव्हतेच. औषधं लिहिली आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर, हलक्या आवाजात म्हणाले, "सायकल आता बंद केलेली बरी."

बंद केलेली बरी. पण करायची कुणी?

नवरा रोज म्हणायचा, आज सांगतो. मोरीत दात घासताना त्याची तालीम चालायची, तिला बाहेर ऐकू यायची. "नाना, माझं जरा ऐका... नाना, रागावू नका, पण..." मग जेवायला बसले की तो घसा खाकरायचा.

"नाना..."

"काय रे?"

"मीठ द्या जरा."

असं किती मीठ त्या घरात खाल्लं गेलं असेल! तिला हसूही यायचं आणि त्याची कीवही. पोरगा चाळीत पहिला शिकला, परगावी जातो म्हणाला तर नाना जा म्हणाले, फिटरचं काम नको, चष्म्याच्या दुकानात बसतो म्हणाला तरी जा म्हणाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आपल्याला कधी अडवलं नाही, त्याला तोंडावर 'जाऊ नका' कसं म्हणायचं? आणि न म्हणावं, तर कालव्याला कठडा नाही.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा नानांनी त्याला हाताला धरून बोळकांडीत नेलं. त्याने वाकून बघितलंसुद्धा नाही.

"जुनी झालीये हो, नाना. राहू दे आता."

"पत्रा वाकलाय, साहेब. सायकल नाही." मुलगा शर्टात पेन लावून कामाला जायला लागल्यापासून नाना त्याला साहेब म्हणायचे, अर्धं कौतुकाने आणि अर्धं चिडवायला.

"तेच ते," म्हणत तो हात धुवायला गेला. ढमीला मच्छर चावला तर रात्रभर जागणारा माणूस. त्याने 'कुठे लागलं का' एवढंही विचारलं नाही, हे तिला जरा खटकलं. दमला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. लहान मूल असलेल्या घरात कुठलीही गोष्ट दमण्यावर ढकलता येते.

खरी पडझड त्यानंतर सुरू झाली, आणि ती सायकलीची नव्हती.

नाना गॅस बंद आहे का, हे जाऊन जाऊन बघू लागले. जेवून उठले की विचारायचे, "मी जेवलो ना?" पूर्वी विसरलं तर ते कपाळावर हात मारून हसायचे, आता हसत नव्हते. ढमीला तर त्यांनी हात लावणंच सोडलं. आधी रोज दुपारी ते तिला मांडीवर घेऊन खुर्चीत बसत, तिला नट-बोल्टच्या गोष्टी सांगत, आणि तेवढ्यात सूनबाईची आंघोळ व्हायची. दिवसातली तेवढी एकच वेळ हिची स्वतःची. आता ही ढमीला पुढे करायची आणि नाना दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे.

"नको देऊस माझ्याकडे. मी पडतो आणि मला कळतही नाही. उद्या हिला घेऊन पडलो तर?"

"अहो, घरात बसल्या बसल्या कसे पडाल?"

"ते मला काय ठाऊक? सायकलवरून कसा पडलो, ते तरी कुठे ठाऊक आहे?"

ढमी हात पसरून त्यांच्याकडे झेपावायची, आणि नाना खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

शेवटी तिने ठरवलं, सायकल नीट करून आणायची. नानांनी ती चालवावी, असा काही तिचा आग्रह नव्हता. कालव्याच्या विचाराने तिचाही जीव वरखाली होतच होता. पण ते वाकडं शेपूट रोज डोळ्यांसमोर लोंबत राहिलं, तर नाना रोज नव्याने पडणार होते, हे तिला दिसत होतं. ढमीला छातीशी बांधून, सायकल हाताने ढकलत, अशी तिची वरात उतारावरच्या सायकलवाल्याकडे निघाली.

सायकलवाला पोट सावरत खाली बसला. "ताई, हा डिरेलर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. अख्खा बदला."

"नाही चालणार. सासऱ्यांनी हौसेने घेतलेला आहे. फक्त केज बदलून मिळेल का?"

"तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

"त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. जगातलं सगळं दिसतं त्यांना, सायकल तेवढी दिसत नाही."

तो खदखदून हसला, आणि हसता हसताच त्याने बाकाखालून एक गंजका डबा ओढला. त्यात मेलेले डिरेलर होते, एकमेकांत अडकलेले. बराच वेळ खुडबुड करून त्याने त्यातली एक केज काढली, लावून बघितली, मान हलवली. "ही बसेल. घेऊन जा. दोन दिवस थांबलात तर मीच बसवून देतो, नाहीतर सासरे बसवतील. त्यांना येत असणार, सायकल बघून कळतं." मग त्याचं लक्ष वाकलेल्या पत्र्याकडे गेलं. "ही वाकली कशी हो? सायकल पडली की केज आत जाते, स्पोककडे. ही तर बाहेर आलीये. ओढल्यासारखी."

"म्हणजे पडून नाही झालं हे?"

"मला तरी नाही वाटत. रस्त्यात उभी केली असेल, केली असेल कुणी मस्ती."

ती चढ चढून आली ती जवळजवळ पळतच. ढमी छातीवर उचक्या देत होती.

"नाना! तुम्ही पडला नव्हता! सायकलवाला म्हणतो, पत्रा बाहेर वाकलाय. पडून असा वाकतच नाही."

नानांच्या तोंडावर काहीतरी उजळलं. मग विझलं.

"सायकल घरात असते, पोरी. बाहेर काढतो ती मीच. मग वाकवली कुणी? मीच कुठेतरी अडकवली असणार, आणि जोर लावून ओढली असणार." ते थोडे थांबले. "म्हणजे पडलो ते नाही, आणि काय केलं तेही नाही. काहीच नाही आठवत."

जखमेवर फुंकर घालायला जावं आणि हातातलं मीठ सांडावं, तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ढमी झोपल्यावर, तिने बोळकांडीत सतरंजी अंथरली. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली. नाना शेजारी स्टुलावर बसले. त्यांचे हात आताशा थरथरायचे, बारीक काम होत नसे.

"हात तुझे, डोकं माझं," नाना म्हणाले. "डोकं अर्धंच आहे, पण ह्या कामाचं ते उरलेल्या अर्ध्यात आहे."

आणि खरोखरच होतं. आत्ता जेवलो का हे ज्यांना विचारावं लागायचं, ते नाना एकेक पायरी अशी सांगत होते, जणू समोर वाचत होते. केजमधली दोन छोटी चाकं आधी काढ, चेन आपोआप मोकळी होईल. वरचं चाक वर, खालचं खाली, अदलाबदल करायची नाही. वरचं जरा इकडेतिकडे हलतं, ते तसंच हवं. खालचं ताठ.

"घरासारखंच की," ती म्हणाली. "हलतं कोण आणि ताठ कोण?"

"ते तू मला विचारू नकोस, मला ह्याच घरात राहायचंय."

तिला बरं वाटलं. किती दिवसांनी नाना चेष्टेत बोलले होते.

"आता हा स्क्रू बघ, दाण्याएवढा. केजच्या आत एक स्प्रिंग पिळून बसवलेली असते. ती केजला कायम मागे ओढते, म्हणून चेन ताणलेली राहते. त्या स्प्रिंगला अडवून धरणारा हा एवढाच. हा काढलास की केज गर्रकन फिरेल. बोटं सांभाळ."

तिने स्क्रू काढला. केज खट्कन उलटी फिरली आणि लुळी पडली. ती दचकली, नाना हसले.

मधला बोल्ट मात्र हलेना. गंजून घट्ट झाला होता. एका बाजूने किल्ली लावली की सगळंच फिरायचं.

"दुसरीकडून पक्कडीने धर. पण पक्कड नंगी लावायची नाही. जबड्याला कापड गुंडाळ आधी. पत्र्यावर पक्कडीचे दात उमटता कामा नयेत. तुझ्या साहेबाला विचार, त्याने एकदा नंगी पक्कड लावून माझं नवंकोरं मडगार्ड ओरबाडलं होतं. एवढासा होता. असा रागावलो मी, की त्यानंतर कधी चुकला नाही. तो कपाटाचा खिळासुद्धा फडकं गुंडाळून उपटतो."

तिने हत्यारांच्या पेटीत हात घातला. पक्कड होती. आणि पक्कडीच्या खाली, घडी करून ठेवलेलं, एक पिवळं फडकं होतं.

फडकं कसलं, ढमीचं दुपटं होतं ते. तिने पोटुशी असताना स्वतः शिवलेलं, कडेला पांढऱ्या दोऱ्याची टीप घातलेलं. धुऊन धुऊन विरलं म्हणून बाजूला काढलेलं. त्यावर ग्रीसचा काळा डाग होता. आणि त्या डागात, दोन्ही अंगांनी, दातांच्या ओळी उमटल्या होत्या. पक्कडीच्या.

तिला तो रविवार आठवला, शेपूट वाकडं दिसलं त्याच्या आदल्या दिवशीचा. ती ढमीला पाजत होती आणि नवरा दारात उभा राहून म्हणाला होता, "एखादं जुनं फडकं दे ना."

"कशाला?"

"चष्म्याचं काम आहे."

खुंटीवरचं दुपटं तिनेच काढून दिलं होतं. आपल्या हाताने. नाना तेव्हा आत झोपले होते.

"सापडलं का कापड?" नानांनी विचारलं.

"हो."

तिने दुपटं हातात चुरगळून पक्कडीभोवती गुंडाळलं, दातांच्या खुणा आतल्या बाजूला जातील असं. बोल्ट निघाला. जुनी केज तिच्या हातात आली आणि नानांनी ती मागून घेतली. थरथरत्या बोटांनी ते तिच्यावरून अंगठा फिरवू लागले, खालून वर, वरून खाली.

"गंमत आहे," ते म्हणाले. "इतकी पिळवटलीये, आणि ओरखडा कुठेच नाही."

आतून ढमी रडली. एखाद्याची सुटका व्हावी तशी ती उठून आत पळाली.

ढमी प्यायला लागली, की तिला काहीच करता येत नसे. तेवढाच वेळ विचारांचा. पण आज विचारालाही वाट मिळेना. सांगावं, तर नानांना काय सांगायचं? तुमचं डोकं ठीक आहे, पण तुमच्या मुलाने तुम्हाला फसवलं? न सांगावं, तर ते स्वतःच्याच अंगावर न झालेल्या जखमा शोधत झिजणार. नवऱ्याला जाब विचारावा, तर त्याच्या डोळ्यांत कालवा दिसणार, तो बिनकठड्याचा, आणि मग तिच्याही तोंडून शब्द फुटणार नाही. तिला त्याचा राग आला. मग तो रविवारी दुपारी बोळकांडीत एकटाच उकिडवा बसलेला डोळ्यांसमोर आला. बापाची सायकल मोडायला बसलेला, आणि ती मोडताना तिच्या पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून आधी कापड गुंडाळणारा. आणि राग कुठल्या कुठे गेला, नुसतंच रडू राहिलं. ढमीने प्यायचं थांबवून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

ती परत आली तेव्हा नाना स्टुलावर नव्हते. ते खाली सतरंजीवर बसले होते. समोर दुपटं पसरलेलं होतं आणि त्यावर जुनी केज ठेवलेली. दातांच्या दोन ओळी पत्र्याच्या पिळापाशी जुळवलेल्या होत्या, जिथल्या तिथे.

तिने ढमीला घट्ट धरलं.

"मी पडलो नव्हतो, सूनबाई," नाना म्हणाले.

"नाही, नाना."

"कुठे अडकवली पण नव्हती."

"नाही."

नानांचा चेहरा असा झाला, जणू शाळेतल्या पोराला बक्षीस मिळालंय. त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसले, पूर्वीसारखे. "म्हणजे एवढं काही नाही गेलं माझं! अगं, मी नव्हतो पडलो!"

तीही हसली, डोळे पुसत. आणि मग तिने बघितलं, नानांचं हसू हळूहळू खाली बसत गेलं. कारण 'मी नव्हतो' म्हटल्यावर पुढचा शब्द येतोच, 'मग कोण', आणि तो आला होता. त्यांनी दुपट्याची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"एवढी भीती वाटते त्याला?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"मग बोलायचं की."

"रोज बोलायला बसतो, नाना. आणि मीठ मागतो."

नानांनी दुपट्याची घडी मांडीखाली सारली. मग म्हणाले, "चल. नवी केज चढव."

तिने ढमीला सतरंजीच्या टोकाला बसवलं. ग्रीस लावलं, स्प्रिंगचं टोक भोकात बसवलं, बोल्ट आवळला. दोन पत्र्यांच्या मध्ये चाकं बसवायची आणि चेन ओवायची राहिली होती. आणि त्याआधी, केज पिळून तो दाण्याएवढा स्क्रू. तिने स्क्रू उचलला, तेवढ्यात नानांनी तळहात पुढे केला.

"तो राहू दे. तो साहेबाला लावू दे."

नवरा आला तेव्हा अजून उजेड होता. बोळकांडीत उलटी सायकल, जमिनीवर बसलेले नाना, ग्रीसने माखलेली बायको आणि तोंडात स्क्रूड्रायव्हरची मूठ घातलेली ढमी, हे सगळं बघून तो दारातच थबकला.

"ये रे," नाना म्हणाले. "केज बदलली आम्ही. एवढा एक स्क्रू लावला की चेन ओवायची. सूनबाई केज पिळून धरते, तू लाव. माझे हात थरथरतात."

तिने केज पकडली आणि स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवत नेली. स्प्रिंग ओढत होती, पत्र्याची कड अंगठ्यात रुतत होती. नवरा बूटही न काढता गुडघ्यावर बसला. नानांनी स्क्रू त्याच्या हातात ठेवला.

तो स्क्रू लावला, चेन ओवली, की सायकल चालती होणार. उद्या सकाळी नाना पुलापर्यंत जाणार. हे तिघांनाही माहीत होतं. त्याने स्क्रू भोकापाशी नेला. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे ह्याहून बारीक स्क्रू बसवणारा तो, आणि त्याला ते भोक सापडेना.

"लवकर रे," ती म्हणाली. "अंगठा गेला माझा."

"नाना," तो म्हणाला, "मला..."

ती मनात म्हणाली, आता जर ह्याने मीठ मागितलं!

"मला नाही जमत," तो म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग मांडीखालून दुपट्याची घडी काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"कापड गुंडाळलंस, ते बरं केलंस," ते म्हणाले.

नवऱ्याने दुपट्याकडे बघितलं आणि तो तिथेच, शर्टात पेन असलेला, बूट घातलेला, वडिलांच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागला. नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "अरे, अरे, साहेब." तिच्या बोटांतलं बळ संपलं होतं. तिने केज हळूहळू, अजिबात आवाज न होऊ देता, सोडत सोडत परत आणली, आणि ती लुळी लोंबू लागली.

तो स्क्रू कुणी लावलाच नाही. नानांनीच सायकल सरळ करायला लावली, सुटी चेन त्या पिवळ्या दुपट्याने फ्रेमला बांधून ठेवली, आणि मग उठून, कुणी न सांगता, ढमीला उचलून घेतलं.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नानांचं डोकं तसं कुणाच्या सोयीने थांबणारं नव्हतं. चार दिवस गेले, आणि एका सकाळी तिला बोळकांडीतून हाक आली.

"सूनबाई, जरा इकडे ये गं."

नाना सायकलीपाशी उभे होते. बाह्या कोपरांच्या वर सारलेल्या.

"हे शेपूट असं लुळं का पडलंय? मी पडलो होतो का गं?"

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला. तो कामाला निघाला होता, डबा हातात होता. त्याने तो खाली ठेवला.

"नाही, नाना. तुम्ही नाही पडलात. मी मोडली सायकल. पक्कडीने."

"तू? का रे?"

"तुम्ही हरवाल, अशी भीती वाटते मला."

नानांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. पहिल्यांदाच ऐकत होते ते, अगदी पहिल्यांदाच. राग, दुःख, सगळं कोरं करकरीत त्यांच्या तोंडावरून सरकत गेलं. तिला बघवेना. मग त्यांनी विचारलं,

"कापड गुंडाळलं होतंस ना?"

"हो."

"मग ठीक," नाना म्हणाले, आणि त्यांनी बाह्या खाली केल्या.

त्यानंतर हे अधूनमधून होत राहिलं. कधी आठवड्याने, कधी सलग दोन दिवस. ज्याला एकदा बोलणं जमत नव्हतं, तो आता घड्याळाकडे न बघता डबा खाली ठेवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते. उत्तर तिला ठाऊक असतं, तरी नानांचा तो कापडाचा प्रश्न येईपर्यंत ती हातातलं भांडं खाली ठेवत नाही. मग बाह्या खाली होतात, आणि नाना आत येऊन हात पुढे करतात.

"आण तिला इकडे," ते म्हणतात. "तू जा आंघोळीला."